रांजणाच्या पोटातली जागा

भोजराज काही एका जागी राहत नव्हता. भट्टीच्या पुढून मागं जायचा, मागून पुन्हा पुढं यायचा. मधेच छपराबाहेर जाऊन धूर पांढरा निघतो की काळा ते बघायचा, आणि परत आत येऊन भट्टीच्या भिंतीला हाताची पालथी बाजू लावायचा, म्हशीला ताप आहे का पाहावं तशी.

"पटेल, भित घासली जाईन ना माही," बकाराम म्हणाला. तो भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून मूठमूठ धानाचं तूस आत टाकत होता. "बस ना गा. आता नुसता धूर देऊन राहिलो. खरी आग दुपारून लागन."

"बसलोच त आहो."

"उभ्यानं बसते का कोणी?"

भिंतीला टेकून बसलेली शामकला काकी तोंडाला पदर लावून हसली. "त्याची बायको बाळंत होऊन राहिली आत. बसन कसा तो?"

"लगन त झालं नाही त्याचं."

"म्हणूनच त," काकी म्हणाली.

भोजराज हसला, पण पाय थांबले नाहीत.

गोंदियाहून फुलचूरकडे जाताना उजव्या हाताला बकारामची ही भट्टी होती. तरुणपणी तो कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, कारखान्यात आग द्यायला होता. ते काम सुटल्यावर आपल्याच आवारात त्यानं विटांची भट्टी बांधली आणि वरून छप्पर घातलं. पावसाळ्यात बाकी कुंभारांचे उघडे आवे चिखलात बसलेले असायचे, तेव्हा आसपासची सगळी कुंभारवस्ती बकारामकडे यायची. कोणी दरेकशाच्या जंगलातलं लाकूड आणायचं, कोणी तूस, कोणी तणस, आणि त्याच्या बदल्यात भट्टीत जागा घ्यायचं. मागची रांग कोणाची, मधली कोणाची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं.

भोजराज मात्र कुंभार नव्हता. पोवाराचं घर, चांगली धानाची बांधी, म्हणून सगळे त्याला पटेल म्हणायचे. आपले बापजादे माळव्यातून नांगर घेऊन आले, चाक घेऊन नाही, असं त्याचा बाप झामसिंग जेवताना रोज एकदा तरी ऐकवायचा. पण पोराच्या हाताला माती लागली ती लागलीच. कोणी शिकवलं नाही, आणि विचारायला जायची लाज. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडाचे बैल दोरीनं ओढत मिरवतात. ज्यांच्या घरी सुताराकडून बैल आणायची ऐपत नाही ती पोरं कडेला उभी राहून बघतात. त्यांच्यासाठी भोजराज मातीचे बैल करायचा. भरीव केला तर जड होतो, ओढवत नाही. म्हणून आतून पोकळ. दोन अर्धी अंगं करायची, ओल्या मातीनं जोडायची, वर वशिंड बसवायचं.

पहिल्या वर्षी घरच्या चुलीत भाजले तर सगळे फुटले. एक तर असा फुटला की शिंग मायच्या वरणात सापडलं. पुढं कधीतरी त्याचं त्यालाच कळलं की बंद पोटातली वाफ बाहेर निघायला वाट पाहिजे. पोटाखाली भोक पाडलं तर बैल वाईट दिसतो. म्हणून त्यानं दोन्ही नाकपुड्यांतून बाभळीचा काटा थेट पोकळीपर्यंत घातला. ही युक्ती मात्र त्यानं जिवापाड लपवली. आपल्याला एवढं कष्टानं कळलेलं दुसऱ्याला फुकट कशाला द्यायचं? मायनं विचारलं, "नाकाले भोकं कायले बे?" तर म्हणाला, "वेसणीसाठी."

मागच्या आठवड्यात तो एक बैल घेऊन बकारामकडे आला होता. बकारामनं बैल उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी डोळा नेऊन पाहिला.

"रांग नाही माह्यापाशी," तो म्हणाला. "काकीले विचार. तिच्या रांजणाच्या पोटात जागा राहते."

शामकला काकीचे मोठमोठे रांजण दाराजवळच्या रांगेत लागायचे, आणि त्यांची पोटं रिकामीच जायची. "ठेव," ती म्हणाली, "रिकामं पोट मले घरीच पुष्कळ हाये." बकारामनं त्या जागेचं भाडं एक गाडी तूस ठरवलं, आणि वर एक अट घातली. "तुहं फुटलं त तुहं. तुह्यानं दुसऱ्याचं फुटलं त या भट्टीच्या दारात पुन्हा यायचं नाही. पटेल असो का कोणी असो."

ही एक भट्टी गेली तर पावसाळ्यात दुसरी भट्टी नाही, आणि पोळा येतो तो भर पावसाळ्यातच. भोजराजला हे पाठ होतं.

आज पहाटे त्यानं फडक्यानं बांधलेली टोपली काकीच्या हातात दिली होती. अंधारातच तिनं एकेक बैल रांजणात उतरवला, दार विटांनी आणि चिखलानं लिंपून झालं, बकारामनं उदबत्ती लावली आणि धूर सुरू झाला.

दिवस जरा वर आला तशी मुन्नीबाई, भोजराजची माय, डोक्यावर शिदोरी घेऊन आली. पाऊस भुरभुरत होता. तिनं भात आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजी काढली, बकारामलाही वाढलं, काकीलाही वाढलं.

"जेव ना रे. कवाचा फिरून राहिला."

"भूक नाही."

"बैल चांगले गेले ना आत? काल सांजेले फडकं बांधताना पायले मी. नाकं तेवढी नीट केली."

भोजराज चालता चालता थांबला. "नीट म्हणजे?"

"पोळ्याच्या दिवसाले बैलाच्या नाकात वेसण राहते का कुठी? काढतेत ना. अन् तू त सगळ्यायले भोकं पाडून ठेवले. लेकरं पूजा करतेत त्यायची. म्हटलं, पाप कायले घ्या. ओली माती लावली बोटानं अन् चोपडं केलं. कळतबी नाही आता."

"सगळ्यायले?"

"नाही त काय. एकाची काढू अन् एकाची ठेवू?"

 तो तसाच छपराबाहेर पडला आणि भुरभुरीत नाल्याच्या काठाकाठानं चालत सुटला. काल सांजेची ओली माती. या हवेत ती वाळली कुठं असणार? आणि आतली वाफ जाणार कुठून? मग वाटलं, मायचं बोट ते, वरवर लावली असेल, गरमीनं आपोआप गळून पडेल. पुन्हा वाटलं, पडणार नाही. मायचं लिंपणं त्याला चांगलं ठाऊक होतं. घरच्या कोठीला तिनं बुजवलेल्या भोकातून मुंगी जात नव्हती.

गप्प राहिलं तर? कोणाला काय कळणार? रांजण काय, असेही फुटतात. भट्टी उघडेल तेव्हा सगळाच चुरा, कोणी कोणाला फोडलं ते कोण सांगणार. आणि सांगितलं तर आजच दार बंद. तो नाल्यापासून परत फिरला, अर्ध्यात पुन्हा नाल्याकडे वळला, पुन्हा फिरला. गुडघ्यापर्यंत चिखल झाला.

छपराखाली काकी मायला सांगत होती, "यंदा खालची माती चांगली लागली व बाई. वाजवला त घंटीसारखा वाजे एकेक. धाकलीच्या सासरी दोन कबूल केले हायेत. मागच्या साली तडकेला नेला, त सासू अजून बोलते."

बकारामनं हात झटकले आणि लाकडाचा पहिला ओंडका पुढं ओढला. "चला. आता आग घालू."

"नोका घालू मामा," भोजराज म्हणाला.

"काऊन?"

"बैलायचे नाकं बुजले आहेत. सगळ्यायचे. पोट बंद आहे."

बकारामनं ओंडका खाली ठेवला. शिवी दिली नाही, तेच वाईट. "मी पायली तवा त होती भोकं."

"मायनं बुजवले काल. वेसणीचे समजून." आणि मग खाली बघत, "मीच सांगतलं होतं तिले वेसणीचे म्हणून. वाफेचे आहेत ते."

"वाफेचे हायेत हे मले सांगतेस का बे? कुंभाराच्या पोट्ट्याले पयल्या खेळण्यासोबत सांगतेत हे. तुह्या मायले सांगाले काय झालं होतं?"

 मुन्नीबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "मले काय माईत," ती हळूच म्हणाली, "मी त देवाचं केलं."

त्याच वेळी भट्टीच्या आत काहीतरी बारीक वाजलं. फट्. लाही फुटावी एवढंच. पण काकी उठून उभी राहिली.

बकारामनं निखारे बाहेर ओढले, कुदळीनं दाराचा लिंपलेला चिखल फोडला आणि वरच्या विटा काढल्या. आतून गरम, ओलसर धूर तोंडावर आला. भोजराजनं पोतं भिजवून डोक्यावर घेतलं, कोणी सांगायच्या आधी आत वाकला आणि रांजणात हात घालून बैल काढू लागला. बोटं पोळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कडेच्या रांजणात हात घातला तर नुसते तुकडे लागले, आणि त्या रांजणाच्या अंगावर काठापासून तळापर्यंत एक रेघ.

काकीनं तो रांजण बाहेर घेतला आणि बोटानं वाजवला. बद्द आवाज आला.

"झालं," बकाराम म्हणाला. "सांगतलं होतं मी. उचल आपले बैल, पटेल. पुन्हा दिसजो नोको."

भोजराज टोपली भरू लागला. घाईत एकाचं शिंग मोडलं.

"थांब रे," काकी म्हणाली. मग बकारामकडे वळली. "रांजण कोणाचा फुटला?"

"तुहा."

"मंग बोंबलाचं त मीन बोंबलाचं. तू काऊन?"

"भट्टी माही हाये ना व."

"भट्टी तुही. माह्या रांगेचं भाडं मी भरलं, लाकडं टाकली. रांजणाचं पोट माहं हाये. त्यात मी बैल भरीन, नाही त गोटे भरीन." तिनं भोजराजकडे बोट केलं. "अन् तू. हा रांजण गेला, याची माती तू आणशीन. दिवाळीपर्यंत माह्या घरची सगळी माती तूच वाहशीन, तळ्याच्या खालच्या आंगची, वरची नाही. तुह्या बापानं पायलं तरी वाहशीन. कबूल हाये का?"

"कबूल."

"अन् रांजण पुन्हा फुटला त मीच हाकलीन तुले. याले विचारणार नाही."

 बकाराम पाठ फिरवून निखारे सारखे करू लागला. "तुह्या नावानं जागा नाही भेटणार," तो निखाऱ्यांकडेच बघत म्हणाला. "तिच्या पोटात काय जाते ते तिचं ती पाहो. अन् लवकर आटपा. भट्टी थंडी होऊन राहिली."

काकीनं सायकलची एक तार शोधून आणली. भोजराज नाक उघडून द्यायचा, आणि मुन्नीबाई, कोणी न सांगता, बैल ओठांशी धरून फुंकायची. आत हवा घुमल्याचा आवाज आला की बैल काकीकडे. नाही आला की पुन्हा भोजराजकडे. बैल अजून गरम होते. मायचे ओठ भाजत असतील, असं वाटून त्यानं एकदा वर पाहिलं.

"मले सांगतलं असतं त," इतकंच ती एकदा म्हणाली, आणि पुढचा बैल उचलला.

थोडे बैल काही केल्या बोलले नाहीत. ते टोपलीतच राहिले. बाकीचे काकीनं पुन्हा रांजणांत उतरवले, या खेपेला एकेकाचं नाक स्वतः बघून. बकारामनं विटा लावल्या. भोजराजनं चिखल कालवून दिला. बकारामनं तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

धूर परत सुरू झाला. काकी भिंतीला टेकून बसली आणि उरलेला भात खाऊ लागली. भोजराजनं शेजारी पडलेली तिची पाटी उचलली, घमेलं घेतलं आणि तळ्याच्या वाटेला लागला.

"आज नाही रे," काकी मागून म्हणाली. "पाणी पडून राहिलं. ओली माती जड होते."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि निघाला.