ताईची खूण

माझ्या आधी आईबाबांना एक मुलगी झाली होती. बाबा तेव्हा मोजणी खात्यात, दूरच्या डोंगरांतल्या जंगलाचे नकाशे करायचे, बिऱ्हाड तंबूत. तिथेच ती तापाने गेली, दहा महिन्यांची असताना. मी आज चाळिशी ओलांडली, तरी तिला ताईच म्हणते.

तिला एका ओढ्याकाठी पुरलं आणि चौथ्या दिवशी तळ हलला. आईचा पाय निघेना. तेव्हा बाबा म्हणाले, "नकाशावर खूण केलीय मी. कधीही आलो तरी सापडेल." त्या एका वाक्यावर आईने पंचेचाळीस वर्षं काढली.

यंदा तिने हट्टच धरला, एकदा जाऊन येऊ. बाबा घरीच थांबले. जुने नकाशे ठेवतात त्या कचेरीत आम्ही दोघीच गेलो.

कारकुनाने नकाशा टेबलावर पसरला. विहिरी होत्या, पायवाटा होत्या, एक एकटं झाडसुद्धा होतं. आई भिंगाने तासभर ओढे धुंडाळत राहिली.

"आजी, नक्की काय शोधताय?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

त्याने नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण दाखवलं. "एवढीशी जागा नकाशात येत नाही हो, आजी."

नकाशाची प्रत घेऊन आम्ही घरी आलो. आईने ती बाबांपुढे ठेवली. "खूण कुठाय?"

बाबांनी चष्मा काढला. "केली होती. कच्च्या नकाशावर, पेन्सिलने. पक्का करताना साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही."

"मग खोडली कोणी?"

"मीच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू त्या खुणेच्या आधाराने उभी होतीस गं."

आता आई भडकणार असं मला वाटलं. तिने फक्त नकाशा त्यांच्याकडे फिरवला. "बोट ठेवून दाखवा."

एकाच डोंगरातून तीन ओढे उतरत होते. बाबांचं बोट पहिल्यावर टेकलं, उचललं, दुसऱ्यावर गेलं. "इथे... नाही, इथे..." तो सगळा मुलूख पायी तुडवलेला माणूस. "मला आठवत नाही," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आईने त्यांना उगी केलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं गेलो. पहिल्या ओढ्यापर्यंत पोचलो. पुढच्या दोन ओढ्यांच्या वाटा जंगलाने केव्हाच गिळल्या होत्या. आई तिथेच दगडावर बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. बाबा मागे, गाडीपाशीच उभे होते. तिने त्यांना बोलावलं नाही.