ताराचंदचा डावा हात

तिसऱ्यांदा सुई हुकली तशी बायजाबाईने हात ओढून घेतला.

"पोरी, मले मरू दे, पण आता टोचू नको वं."

डॉक्टर चारुशीला तशीच उभी राहिली. नोकरीला लागून तिला चारच दिवस झाले होते आणि त्यातले दोन अंगावरच्या साडीनिशी वॉर्डातच गेले होते. वरचे डॉक्टर ऑपरेशनला जाताना "म्हातारीला सलाईन लाव" एवढंच सांगून गेले होते. कसं लावायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात तिने हे पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर ड्रेसर ताराचंद पट्टी बांधत होता. त्याने गाठ मारली, गरम पाण्यात फडकं पिळलं आणि म्हातारीच्या हाताभोवती गुंडाळलं.

"माय, दोन मिनिटं दम धर." मग आवाज खाली आणून तो चारुशीलाला म्हणाला, "शीर डोळ्यानं पाहू नका, बाई. बोटानं पाहा. सायकलच्या वॉलट्यूबच्या रबरावानी लागते. लागली? आता सुई आडवी करा."

सुईत रक्त दिसलं. बाटलीतले थेंब पडू लागले.

दुपारी ती ड्रेसिंगच्या खोलीत रडताना त्याला सापडली.

"मी उद्या वरुडले चालली, भाऊ. बाबाची बाग हाये. तिथं माझ्या हातानं कोणाचा जीव तरी जाणार नाही."

"काहून? एका सुईपायी?"

"शिकवतच नाही ना कोणी! विचारलं तर म्हणते, संत्र्यावर सराव कर."

"संत्रं कुठं दुखलं म्हणते, बाई? मंग हात कसा बसंल?" ताराचंद स्टुलावर बसला आणि त्याने डाव्या हाताची बाही वर सारली. "घ्या. दुखलं तर मी सांगतो."

एकोणीसशे बहात्तर साल होतं ते. ताराचंद जेमतेम चौथी शिकलेला. मौद्याकडच्या खेड्यातून येऊन या दवाखान्यात झाडूवाला म्हणून लागला आणि पट्ट्या बांधता बांधता ड्रेसर झाला. वीस वर्षांत त्याने किती नवे डॉक्टर रडताना पाहिले, त्याला गणती नव्हती. पण त्या दुपारी पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याकडून शिकलं. पुढच्या बुधवारी चारुशीलाने आणखी दोघांना आणलं. त्यातला अनंत तर सुई टोचण्याआधीच घेरी येऊन पडला. ताराचंदनेच त्याला पाणी पाजलं. बुधवार मग ठरूनच गेला. पोरं टोचत, चुकत, हसत, घरच्या गोष्टी सांगत. त्याची बायको पंचफुला कधी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या देई, कारण कोणीतरी उपाशीपोटी ड्युटीवर असायचंच.

तीन वर्षं असं चाललं. पंचाहत्तरच्या मे महिन्यात ताराचंदचे डोळे पिवळे झाले.

सुयांनीच कावीळ झाली, असं कोणी सिद्ध केलं नाही. पण खाटेशेजारी बसून पंचफुला बोलायची राहिली नाही. "दुसऱ्याच्या लेकराईले शिकवता शिकवता सोता मरा आता!"

सकाळच्या राउंडला विभागाचे प्रमुख डॉक्टर बोकारे आले. सगळे ज्यांना चळाचळा कापत, ते. त्यांनी नाडी पाहायला हात उचलला आणि कोपराच्या खाचेतले डाग बघून थबकले.

"हे काय?"

"काही नाही जी. डास चावले."

मागे उभे असलेले निवासी डॉक्टर जमिनीकडे पाहू लागले. चारुशीलाची एम.एस.ची परीक्षा तोंडावर होती आणि बोकारे परीक्षक होते. ती पुढे आली.

"सर, मी टोचलंय. आम्ही सगळ्यांनीच."

"कोणाच्या परवानगीने?"

"परवानगी कोणीच दिली नाही, सर. आणि शिकवलंही कोणीच नाही."

ताराचंदला वाटलं, पोरीचं आयुष्य गेलं आपल्यापायी. पण बोकारे ओरडले नाहीत. ते खाटेच्या काठावर बसले. त्यांना रोग्याच्या खाटेवर बसलेलं कोणीच पाहिलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस, ताराचंद?"

"तुमाले कोण सांगणार होतं जी? हे लेकरं तुमाले भेतात. मी बी भेतो."

बोकारे बराच वेळ त्याचा हात हातात धरून होते. उठताना एवढंच म्हणाले, "हा हात आता बंद."

जुलैत नवी तुकडी आली तेव्हा वॉर्डाच्या दारावर टाइप केलेला कागद होता. पहिला महिना नव्या डॉक्टरने एकट्याने काही करायचं नाही. वरचा डॉक्टर शेजारी उभा राहील. सलग ड्युटी झाली की झोपायला सुट्टी मिळेल. आणि दर बुधवारी तीन वाजता बोकारे स्वतः वर्ग घेतील. ताराचंदने तो कागद दोनदा वाचून घेतला. चारुशीला पास होऊन अमरावतीला गेली.

त्याची तब्येत सुधारली, कामही सुरू झालं. फक्त बुधवारच्या दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत आता कोणी येत नसे. पट्ट्या गुंडाळताना त्याला ते हसणं आठवे, अनंतची घेरी आठवे. चांगलंच झालं, असं तो पंचफुलाला सांगायचा. सांगून झालं की डाव्या हाताची बाही खाली ओढून घ्यायचा.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात, निवृत्तीला वर्ष उरलं असताना, एक नवी डॉक्टर व्हरांड्यात धावत आली. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, नीला.

"दादा, बोकारे सरांचा वर्ग कुठे आहे? उशीर झाला हो!"

"चला, दाखवतो. आताच सुरू झाला असंल. रागावत नाहीत ते."

"तुम्ही कोण?"

"मी ड्रेसर जी."

त्याने तिला दारापर्यंत नेलं. आत बाकं भरली होती, काही पोरं भिंतीला टेकून लिहून घेत होती. नीला वाकून आत शिरली आणि एकीने सरकून तिला जागा दिली. बोकारे फळ्याकडे तोंड करून होते.

आवाज होऊ नये म्हणून ताराचंदने दार दोन्ही हातांनी धरून हळूच लोटलं. क्षणभर तिथेच उभा राहिला. मग वॉर्डाकडे वळला. चार खाटांची ड्रेसिंगं अजून व्हायची होती.