कैलासाच्या पाठीवरच्या लुंग्या

सत्याऐंशीच्या मे महिन्यात उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका गाळ्यापुढे ही रांग. आत हिमानंद बाबा ब्रह्मांड थंड करत होते. बाबांकडे एक फ्रिज होता आणि फ्रिजमागे भगवा पडदा. ते 'जय शीतल' म्हणून दार सताड उघडायचे, पांढरं धुकं निघायचं, माणसं हात जोडायची. थंडावा वाया जाऊ नये म्हणून शटर खाली. घरी फ्रिजचं दार उघडं राहिलं तर बायकोवर ओरडणारे गृहस्थ इथे त्याच फ्रिजच्या पाया पडत होते. मला हसावं की रडावं कळेना.

"साईं, ये फ्रिज नाय, कैलास आहे," बाबा सांगत. "सूर्यसुद्धा एक दिवस थंड होणार. मी फक्त अर्जंट करतो."

शहाडजवळच्या गावातली वेणू तापाने फणफणलेल्या नवऱ्याला, सोमाला, घेऊन चार दिवस आत बसली होती. सगळे घामाने निथळत होते. बाबांच्या मते ते पाप गळत होतं.

माझी बहीण कुमुदिनी शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्याबरोबर आत आल्यावर तिने गाळ्याच्या भिंतीला थर्मामीटर टांगलं. शटर पडलं तेव्हा पारा बत्तिसावर होता, तासाने पस्तिसावर.

"बाबा, कैलास तापला की हो."

"पारा नास्तिक आहे, बेहेनजी."

"आणि पडद्यामागे काय?"

"गर्भगृह. बायकांना मनाई."

तिने सरळ पडदा ओढला. फ्रिजच्या पाठीवरच्या काळ्या जाळीवर बाबांच्या दोन लुंग्या वाळत होत्या. वेणूने जाळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"फ्रिज उष्णता संपवत नाही," कुमुदिनी म्हणाली. "आतली उचलून मागे टाकतो, वर विजेची भर. बंद खोलीत दार उघडं ठेवलं तर खोली तापणारच."

वेणू बाबांकडे वळली. "म्हंजे तुला ठाव होता. लुंग्या वालत घालाला ठाव होता, न माझा मानूस हितं भाजत ठेवलास."

तिने सोमाला रिक्षात घातलं. टायफॉइड निघाला. वाचला, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी मी पाहतो तर पुन्हा रांग, यावेळी पडद्यामागे. फ्रिजची पाठ गुडघेदुखीवर चालते म्हणे. मी कपाळावर हात मारला. वेणू मात्र दवाखान्यातून तडक येऊन शटरपाशी उभी राहिली.

"शेकाला घरी तवा हाय," ती एकेकाला सांगू लागली. "ताप आसंल तर डाक्टर गाठा. मी चार दिस फुकट घालवलं. तुमी एक बी घालवू नका."