पाठीवरचा हात

अकोल्याच्या तालमीत जानराव दंड मारायचा, तेव्हा धाकटा भाऊ चंद्रभान त्याच्या पाठीवर हात दाबून म्हणायचा, “अंग दुखलं नाई तं मेहनत वाया, दादा.”

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली चंद्रभान पटकीच्या साथीत गेला. जानराव एकटाच दंड मारू लागला. सकाळी पाठ ठणकली की त्याला वाटायचं, भावाचा हात आहे.

पुढे ठणका थांबला. घाबरून त्यानं दंड दुप्पट केले; खांदा सुजला.

“दुखलं म्हंजे ताकद वाढली, असं नसते गा,” वस्ताद नत्थुजी म्हणाले. “अंगाले सवय झाली.”

“मंग चंद्रभानचा हात कुठी गेला?” जानराव रडला.

खांदा बरा झाल्यावर अमरावतीत त्यानं मोठी कुस्ती मारली. अंग जराही दुखत नव्हतं. लोक फेटे उडवत होते आणि तो गर्दीत भावाला शोधत होता.