ओढ्याचं पाणी

फवारणीच्या पंपाच्या तोंडाशी एक पांढरा कण चिकटला होता — तांदळाच्या कणीएवढा, नखाने खरवडला तरी न सुटणारा — आणि म्हातारा मघापासून त्याच्याशीच भांडत बसला होता. तोंड बुजलं की पंप थुंकतो, फवारत नाही. यातही खोट. सगळ्यातच खोट... समोर टोमॅटोच्या बारा ओळी: सहा औषधाच्या, सहा नुसत्या. खाऱ्या जमिनीत रोपं तग धरतील, समुद्री शेवाळाचा अर्क घरीच काढून फवारा, असं शेतीची सल्लागार बाई सांगून गेली होती, आणि झालं होतं उलटंच. औषधाच्या ओळींची पानं कडांनी करपलेली. ज्यांना घरच्या टाकीतल्या पाण्याखेरीज काहीच मिळालं नव्हतं, त्या बापड्या हिरव्या.

आज बाई मोजायला येणार, सोबत थोरला मुलगा. फरक दिसला तर जमीन राहील, नाहीतर कोळंबीचं तळं — थोरल्याने खोदायचं यंत्रसुद्धा सांगून ठेवलं होतं.

गेल्या खेपेला म्हाताऱ्याने बाईला तोंडावर सुनावलं होतं, "बाई, तुमचं औषध कागदावर उगवतं, मातीत नाही." त्यावर ती एवढंच म्हणाली, "काका, शेवाळ गोड्या पाण्यात नीट धुतलं होतंत ना?" धुतलं होतंत ना! तीनदा धुतलं होतं, कंबर मोडेस्तोवर, बांधाखालच्या ओढ्यात — टाकीतलं पाणी कशाला नासवायचं — आणि अर्कात मिसळलं तेही ओढ्याचंच, दरवेळी आधी ओंजळभर चाखून. माती असो, पाणी असो, जिभेवर ठेवून सांगायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. पेरणीआधी माणसं ढेकळं घेऊन त्याच्या दारात उभी राहायची... आणि त्या जिभेला ही कालची पोर विचारते, नीट धुतलंत ना.

"आधी जेवून घ्या," बायकोने बांधावर डबा ठेवला.

पहिल्याच घासाला तो भडकला. "आजही अळणी! हात आखडलाय का तुझा?"

"कालच्या दुप्पट घातलंय. मला तर गिळवत नाही. तुमची जीभ गेली कामातून, आता काय मिठाच्या गोणीत चूल मांडू?"

ती हसली. तोही हसणार होता — पण घास तसाच राहिला. पांढरा कण. त्याने तो काट्याने उकरला, जिभेवर ठेवला. काही नाही. खडा, नुसता खडा.

मग उठून तो ओढ्यापाशी गेला, पेला बुडवून आणला. "जरा चाख."

तिने घोट घेतला आणि थुंकला. "अहो, खारट आहे की हे! भरतीचं पाणी शिरतंय वाटतं. केव्हापासून?"

केव्हापासून... दर आठवड्याला तो मीठच फवारत होता, आपल्या हाताने, चाखून चाखून. म्हणजे औषध खोटं नव्हतं. म्हणजे जमीन अजून वाचू शकत होती — यावर बरं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस बाईच्या नावाने जपलेला राग आता ठेवायचा कुठे? औषध खोटं निघालं असतं तर खोदा म्हणालो असतो, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आता बोलावं लागणार. थोरल्यादेखत. मला कळत नाही, असं.

पायवाटेवर दोघांचे आवाज आले. "काय सांगणार त्यांना?" बायकोने हळूच विचारलं.

तो घास चावत राहिला, सावकाश, खाली बघून, त्यात असलेलं मीठ शोधत.