दारं नसलेला वॉर्ड

साथ आली आणि गावातली सगळी कामं ठप्प झाली. दादाचं मात्र सुरूच राहिलं. सरकारी इस्पितळाला लागून नवी इमारत उभी राहत होती आणि तिचा ठेका त्याच्याकडे होता. "बाकीच्यांना घरी बसा म्हणून सांगितलंय, तुम्हाला मात्र घाई करा म्हणून सांगतोय," असं खात्याचे साहेब फोनवर म्हणाले. पाठोपाठ ठेकेदारांसाठीच्या सूचनाही आल्या.

दादा मूळचा सुतार. रंधा मारत मारत ठेकेदार झालेला. सरकारी हुकूम म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. सूचना त्यानं नीट वाचल्या आणि सकाळी सगळ्या कामगारांना मैदानात लांब लांब उभं करून मोठ्यानं वाचून दाखवल्या. कामगारांनी साइटवरच राहायचं. बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही. रोज फाटकाशी ताप बघायचा. एकाची थापी दुसऱ्यानं हातात धरायची नाही. दोघांमध्ये सहा फूट अंतर. रुग्ण सापडला तर काम लगेच थांबवायचं.

"दादा, एक शंका," मागून धाकट्याचा आवाज आला. "सिमेंटचं पोतं उचलायला दोघं लागतात. मग एक टोक साहेबांच्या कचेरीत नेऊन ठेवू का?"

हशा पिकला. दादानं डोळे वटारले, पण मास्कच्या आत तोही हसला.

हा धाकटा दादाचा सख्खा भाऊ, साइटचा सुपरवायझर. त्याला सगळे गप्पीदास म्हणत. भिंतीशी बोलायला लागला तर गिलावा वाळेपर्यंत थांबायचा नाही. पण माणसं त्याच्या तोंडाकडे बघत काम करायची, आणि दुप्पट करायची. दादाच्या धाकानं जे होत नसे ते धाकट्याच्या एका टोमण्यानं व्हायचं.

दादानं सूचना अक्षरशः पाळल्या. डबा घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोलाही त्यानं फाटकावरून परत पाठवलं. ती बिचारी डबा खाली ठेवून, "सरकारचे जावई झालात हो," म्हणत निघून गेली. शेजारच्या गावांतल्या कामांवर माणसं आजारी पडल्याच्या बातम्या येत होत्या, दादाच्या साइटवर कुणी साधं शिंकतही नव्हतं. त्याला मनातून जरा अभिमानच वाटायला लागला होता.

एके सकाळी जुन्या इमारतीतली सिस्टर आली. कामगारांची तपासणी करायला तिला पाठवलं होतं. फाटकाशी ताप बघून झाला होता, सगळे ठणठणीत होते. तिनं पिशवीतून बोटाला लावायचा एक छोटा चिमटा काढला.

"हे सूचनांमध्ये नाही," दादा म्हणाला.

"नसू दे. रक्तातला ऑक्सिजन कळतो यानं. एक मिनिटाचं काम आहे."

एकेक जण पुढे आला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. मग धाकट्यानं बोट पुढं केलं. रात्री झोप नीट झाली नव्हती, पाय भरून आले होते, पण जिने चढून चढून असं होतंच, असं तो सगळ्यांना सांगत होता. चिमट्यावर आकडा उमटला. बासष्ट.

सिस्टरनं चिमटा काढून झटकला. "सेल उतरले वाटतं," म्हणत दादाच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा धाकट्याच्या बोटाला. साठ.

"साठ म्हणजे पहिला वर्ग की, सिस्टर!" धाकटा म्हणाला. "शाळेत पस्तिसाच्या वर कधी गेलो नव्हतो मी."

कामगार हसले. सिस्टर हसली नाही. तिचे डोळे मोठे झाले होते. "बोलू नका," ती म्हणाली. "अजिबात बोलू नका. खाली बसा." तिनं त्याचा मास्क खाली ओढला. त्याचे ओठ शाई लागल्यासारखे निळे पडले होते.

दादा पुढे सरसावला. "ताप नाही त्याला! मी स्वतः बघितलाय. आत्ता, तुमच्यासमोर हसतोय तो!"

"काहींना ताप येतच नाही, दादा. शेवटपर्यंत बोलत असतात."

शेवटपर्यंत. तो शब्द दादाच्या कानात शिरला आणि मग काही वेळ त्याला बाकी काही ऐकूच आलं नाही. सिस्टर पळत गेली, डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, घसा बसलेला.

"आत एकही जागा नाही," ती म्हणाली. "जमिनीवरसुद्धा नाही. ऑक्सिजनच्या एकेका नळीला माणसं नंबर लावून बसलीत."

"मग कुठं न्यायचा त्याला?"

तिनं मान हलवली. इस्पितळाच्या भिंतीला भिंत लावून इमारत बांधणाऱ्या माणसाच्या भावाला त्याच इस्पितळात हवा मिळत नव्हती.

तेवढ्यात ऑक्सिजनच्या पाइपांचं काम करणारा फिटर पुढे झाला. "डॉक्टर, नव्या वॉर्डातली लाइन जोडून झालीय. कालच चाचणी घेतली. नुसती सही व्हायचीय."

"चालू होईल?"

"कॉक फिरवायचा अवकाश."

"सही मी करते. चला."

"अहो, पण तिथं दारं बसलेली नाहीत," दादा बोलून गेला. इतक्या वर्षांची सवय बोलत होती. "रंग नाही, सगळीकडे धूळ आहे. ताबा दिलेला नाही अजून."

डॉक्टर थांबली. "तुमच्या भावाला दार हवंय की हवा?"

मग दादा धावला. त्यानं स्वतः ओल्या फडक्यानं फरशी पुसली. चौकटींना प्लास्टिक ठोकलं. खिळे जागेवर बसत नव्हते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारत होता. कामगारांनी जुन्या इमारतीच्या अडगळीतून एक खाट ढकलत आणली. फिटरनं कॉक फिरवला आणि भिंतीतून बारीक फुसफुस ऐकू आली. धाकट्याला पालथं झोपवलं, तोंडाला मास्क लावला. तो मान वळवून काही सांगू बघत होता.

"गप," दादा ओरडला. भावाला गप बस असं तो रोजच म्हणायचा. आज पहिल्यांदाच धाकट्यानं ऐकलं.

सिस्टरनं उरलेल्यांची तपासणी पुरी केली. आणखी तिघांचे आकडे खाली होते. त्यात फरशी बसवणारे काका होते, दादाच्या पहिल्या कामापासून सोबत असलेले. त्यांनाही काहीच होत नव्हतं. "मला कशाला झोपवता? खालच्या मजल्यावरच्या चार लाद्या राहिल्यात," म्हणत ते खाटेवर टेकले.

दुपारपर्यंत जुन्या इमारतीतूनही खाटा यायला लागल्या. नातेवाईकांनी कुठूनतरी ऐकलं होतं की पलीकडं हवा आहे. बिनरंगाच्या भिंतींमध्ये वॉर्ड भरून गेला. दादा बाहेर वाळूच्या ढिगाशी उभा राहून नुसता बघत होता.

त्यानं साहेबांना फोन लावला. "साहेब, रुग्ण सापडलेत. सूचनांप्रमाणे काम थांबवतोय."

"थांबवू नका! वरचा मजला हवाय, लगेच हवाय."

"सूचनांमध्ये थांबवा म्हणून लिहिलंय. तुम्हीच धाडल्यात. मग मी करू काय?"

मग साहेब अगदी हळू म्हणाले, "खरं सांगू का दादा? मलाही माहीत नाही हो."

दादा फोनकडे बघतच राहिला. वर कुणाला तरी सगळं ठाऊक असतं, ह्या एका भरवशावर त्यानं जन्मभर कामं केली होती.

भावजयीला सांगणं तर त्याहून अवघड होतं. "भाऊजी, काय बोलताय तुम्ही?" ती म्हणाली. "काल संध्याकाळी तासभर फोनवर खिदळत होते! मुलीला गोष्ट सांगितली!" तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

दादाची तपासणी झाली. त्याला काही झालेलं नव्हतं. ऐकून बरं वाटायच्या ऐवजी त्याला रडू कोसळलं.

तिसऱ्या दिवशी फरशीवाले काका गेले. सकाळी सिस्टरजवळ चहा मागितला, तिनं तो आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनीच घोटून गुळगुळीत केलेल्या फरशीवरून त्यांना बाहेर नेलं. दादानं प्लास्टिक बाजूला धरलं. त्याहून जवळ जायची त्याला परवानगी नव्हती.

धाकटा वाचला. पण मास्क निघाला तेव्हा तो दोन शब्द बोलून थांबायचा, दम घ्यायचा, मग तिसरा बोलायचा. भेटायची परवानगी मिळाली त्या दिवशी दादा नखशिखान्त प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच्या खाटेशी उभा राहिला.

"काका... कुठं... आहेत? त्यांच्या... खाटेवर... दुसराच... आहे."

दादानं मान खाली घातली. तेवढ्यावरून धाकट्याला कळलं. तो छताकडे बघत पडून राहिला. तिथं अजून गिलाव्याचे डाग तसेच होते. मग त्यानं हात पुढं केला. दादानं हातमोज्यातला आपला हात त्याच्या हातात दिला.