डाव्या बाजूची गळती

मोटरसायकलखाली पुठ्ठा ठेवायला मिस्त्रींनी सुरुवात केली त्याला तीन आठवडे झाले होते. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावर पडलेला तेलाचा डाग शर्टाच्या बटणाएवढा होता. आता तो बशीएवढा झाला होता. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी ते डाग बघून येत, आणि मग चहा काही गोड लागत नसे.

मोटरसायकल सुनेची होती. ती आरोग्य केंद्रात नर्स होती आणि डोंगरावरच्या पाच वाड्यांतल्या लेकरांना लसी टोचायचं काम तिच्याकडे होतं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. निघताना एवढंच म्हणाला होता की बाबा, गाडीकडे लक्ष असू द्या. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. पण सांगितलं होतं खरं, आणि ते शब्द त्यांच्या मनाला चिकटून बसले होते.

गॅरेजवाल्याने दोनदा गाडी पाहिली. डाव्या बाजूला, चेन जिथून निघते त्या झाकणामागे एक रबरी ऑईल सील असतं, ते त्याने दोन्ही वेळा नवं घातलं. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पुठ्ठा ओला. तिसऱ्यांदा तो म्हणाला की गाडी थकलीय, इंजिन खोलावं लागेल, आठ दिवस सोडून जा. आठ दिवस गाडी नाही म्हणजे वाड्यांवर लसी नाहीत. सून गाडी घेऊन तशीच परत आली.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा उकडत असूनही तिने डाव्या बाहीचं बटण मनगटापर्यंत लावलेलं होतं. जेवताना बटण सुटून बाही वर सरकली आणि कोपरावरची सोललेली कातडी दिसली. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाली दाराच्या कडीला घासलं. सासूबाई मलम आणायला उठल्या. मिस्त्री मात्र हात धुऊन गुपचूप बाहेर गेले आणि मागच्या चाकाच्या टायरवर डावीकडून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. त्यांनी वास घेतला. इंजिनचंच तेल. चेनवरून उडून टायरच्या डाव्या कडेला बसलेलं.

म्हणजे गाडी डाव्या वळणावर कलली की चाक सटकणार. कडीबिडी सगळी थाप. पोरगी पडली होती.

सुनेला विचारावं तर ती खोटी पडेल, बायकोला सांगावं तर घर डोक्यावर घेईल. शनिवारी टायर साबणाच्या पाण्याने घासून दिला आणि सून कामावर गेली तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी ओळखीची फटफट ऐकू आली तेव्हा कुठे पाठ भिंतीला टेकली. सोमवारी ती सगळ्यात लांबच्या वाडीला जाणार होती. तिथला उतार मिस्त्रींना ठाऊक होता, सुटी खडी आणि एकामागून एक वळणं.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी अंगणात घेतली. मोतीबिंदूमुळे एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून सुनेला कंदिलासारखी बॅटरी धरून बसवलं. तेल जिथे टपकतं तिथूनच निघतं असं नाही, वरून ओघळत येऊन खाली जमतं, तेव्हा आधी सगळं इंजिन कोरडं करायचं, असं त्यांनी तिला समजावलं. रॉकेलने इंजिन धुतलं, फडक्याने पुसलं, उन्हात वाळवलं आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. तेल जिथून सुटेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उठेल.

"पावडर माझी आणि नटवताय गाडीला," सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

दहा मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवलं. पावडर पांढरीशुभ्र. दोष दिसला तर हात चालतो, दिसतच नाही तेव्हा काय करायचं? गाडी चढाला लावल्याशिवाय कळणार नव्हतं आणि त्यांच्या डोळ्यांवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढून लगेच परत ये, डावं वळण सावकाश घे, असं बजावून त्यांनी सुनेला पाठवलं.

जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. वीस झाली. अर्धा तास झाला. मिस्त्री फाटकाशी गेले, परत आले, पान्ह्यांची पेटी उगाच लावली. आपणच तिला पाठवलं, हा विचार डोक्यातून जाईना. चाळीस मिनिटांनी ती आली. वाटेत एका बाईने तापलेलं मूल दाखवायला थांबवलं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली.

ते गुडघ्यांवर बसले. सीलच्या झाकणाखाली काळी रेघ होती, ती अपेक्षितच होती. पण वर, इंजिनच्या डोक्याच्या पॅकिंगलाही ओल होती. तेल भरायच्या झाकणाभोवतीही होती. मिस्त्री थबकले. पंपघरात एकाच जागी पाझरलं तर ते त्या जागेचं दुखणं असायचं. तीन जागी पाझरलं तर पाइपात दाब कोंडलेला असायचा.

त्यांनी इंजिन चालू ठेवूनच तेलाचं झाकण अर्धा आटा सैल केलं. आतून फस्सकन हवा सुटली.

इंजिनला श्वास सोडायला बोटभर जाडीची एक रबरी नळी असते, गॅरेजवाले तिला ब्रीदर म्हणतात. मिस्त्री ती नळी चाचपत वर गेले. ती सीटखाली शिरत होती. सीट काढली, सुनेने बॅटरी धरली.

नळी एका लोखंडी पट्टीखाली दबून चपटी झाली होती. पट्टी लसींच्या डब्याच्या कॅरिअरची होती. ते कॅरिअर महिन्यापूर्वी मिस्त्रींनी स्वतः बनवून, स्वतः बसवलं होतं आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवलं होतं.

सुनेला त्यातलं काही कळलं नव्हतं. पट्टी सैल करून, जुनी होती नळी, बदलली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मिस्त्रींच्या ओठांवर ते वाक्य आलंही. मग त्यांची नजर तिच्या कोपरावर गेली.

"माझ्या पट्टीने नळी दाबली," ते म्हणाले. "हवा कोंडली, तेल बाहेर आलं. तू पडलीस ती माझ्यामुळे."

सुनेने बॅटरी बंद केली. मग तिने हळूच विचारलं, "मी पडले हे कसं कळलं तुम्हाला?"

त्यांनी टायरचं सांगितलं. तेव्हा तिनेही सांगितलं की तिला वाटत होतं चूक तिचीच. इंजिन कोरडं पडेल या भीतीने ती रोज सकाळी थोडं तेल ओतत होती, आणि जास्त ओतल्यामुळेच गळतंय असं मनात धरून गप्प बसली होती. उंबऱ्यात उभ्या सासूबाईंनी हे सगळं ऐकलं. त्या दोघांकडे पाहून म्हणाल्या, "एका घरात राहून एकमेकांपासून लपवाछपवी करताय. वा!" आणि आत जाऊन त्यांनी भांडी जरा जोरातच आपटली.

मिस्त्रींनी पट्टी कापली, कानशीने कड घासली, दोन बोटं मागे सरकवून पुन्हा बसवली. नळी नवी घातली. जास्तीचं तेल काढून पातळी खुणेवर आणली, टायर पुन्हा धुतला. सील नवंच होतं, पण दाबाने त्याची कड आत मुडपली असेल का, हे बाहेरून सांगता येईना. त्याची खात्री रस्त्यावरच होणार होती.

"उद्या मी येतो मागे बसून," ते म्हणाले. ती नको म्हणाली नाही.

सोमवारी चढ चढताना त्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. तिन्ही वेळा सीलच्या खाली बोट लावून पाहिलं. कोरडं. उतार लागला तसा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. तिसऱ्या डाव्या वळणाआधी सुनेने आपणहून गाडी कडेला घेतली.

"इथे," ती म्हणाली.

खडीत अजून घसरल्याची खूण होती, हातभर लांब. जिथे ती संपत होती तिथून चार पावलांवर कडा तुटत होता. खाली नुसती झाडांची टोकं. मिस्त्री काठापर्यंत गेले, वाकून पाहिलं. ते तिथेच दगडावर बसले. तिने डब्याशेजारची पाण्याची बाटली काढून दिली. त्यांना झाकण फिरवता येईना, ते तिनेच उघडून दिलं.

"तुझ्या नवऱ्याला मी कळवतो," ते म्हणाले. "माझ्याच तोंडून कळू दे."

"आधी वाडीला पोचू," ती म्हणाली. "बायका उन्हात उभ्या असतील."

ते उठले. तिने गाडी चालू केली, ते मागे बसले आणि दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरलं. वळण तिने अगदी सावकाश घेतलं. चाक सटकलं नाही. मिस्त्रींनी धरलेला श्वास सोडला, आणि समोर पुढचं वळण दिसताच पुन्हा धरला.